आरसा म्हणजे बॅकअप नव्हे : कोड सांभाळणाऱ्या सर्व्हरची निगा आणि दुरुस्ती

वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री अकरानंतर ज्याने काम केले आहे, त्याला ‘पान एक अंतिम’, ‘पान एक अंतिम नवे’ आणि ‘पान एक हेच घ्या’ अशा नावांच्या फायली एकाच फोल्डरमध्ये नांदताना पाहण्याची सवय असते. त्यांपैकी कोणत्या फायलीत कोणी, कधी आणि कशासाठी बदल केला, हे नावांवरून कळत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपुढे हीच अडचण कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभी होती. तिच्यावरील त्यांचा उपाय म्हणजे आवृत्ती-नियंत्रण प्रणाली. या प्रणालीत प्रत्येक बदल त्याच्या कर्त्याचे नाव, वेळ आणि कारणासह नोंदला जातो, जुनी कोणतीही अवस्था पुन्हा बाहेर काढता येते, आणि दोघांनी एकाच फायलीवर केलेले काम एकत्र करता येते. हा सारा इतिहास ज्यात साठतो त्याला रिपॉझिटरी, म्हणजे भांडार म्हणतात. आणि ज्या संगणकावर एखाद्या गटाची अशी भांडारे राहतात, त्या सर्व्हरविषयी हा लेख आहे.

डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये प्रसृत केलेल्या सीव्हीएसपासून २००० मध्ये सुरू झालेल्या सबव्हर्जनपर्यंत या प्रणाली बहुतांशी केंद्रवर्ती होत्या. पूर्ण इतिहास फक्त सर्व्हरवर असे, आणि काम करणाऱ्याकडे चालू प्रत. लिनक्स कर्नलच्या विकासकांना बिटकीपर ही प्रणाली विनामूल्य वापरण्याची मुभा काढून घेतली गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. गिटमध्ये प्रत्येक विकासकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास असतो. त्यामुळे ‘आता सर्व्हर गेला तरी काय बिघडले?’ असा एक समज पसरला. तो अर्धाच खरा आहे. विकासकाच्या लॅपटॉपवर त्याने मागवलेल्या शाखा असतात. सर्व्हरवरील प्रवेशाचे नियम, पुश होताच आपोआप चालणाऱ्या हुक नावाच्या छोट्या संहिता, तक्रारींच्या नोंदी, चर्चा आणि सदस्यांची खाती त्यात नसतात. शिवाय दोन वर्षे कोणी हात न लावलेले भांडार कोणाच्याच लॅपटॉपवर सापडत नाही, आणि नेमके तेच एके दिवशी ग्राहकाला हवे असते.

निदानाची सुरुवात

सर्व्हर पुश स्वीकारत नाही, अशी तक्रार आली की नवखा प्रशासक थेट गिटवर संशय घेतो. अनुभव असा की गुन्हेगार बहुधा बाहेरचा असतो. म्हणून आधी डिस्क पाहावी. जागा शिल्लक दिसत असूनही लेखन अडत असेल, तर आयनोड संपले आहेत का ते तपासावे. गिट नवी वस्तू सुट्या, बारीक फायलींच्या रूपात ठेवते आणि दुर्लक्षित भांडारात त्यांचा ढीग होतो. हा ढीग आवरून त्याचे गठ्ठे बांधणारी ‘गिट जीसी’ ही आज्ञा नवा गठ्ठा पूर्ण लिहून झाल्यावरच जुना काढते. डिस्क काठोकाठ भरल्यावर ही आज्ञा दिली तर ती स्वतःच जागेअभावी कोसळते. आधी जुन्या लॉग फायली किंवा तत्सम काही हलवून जागा करावी, मग साफसफाई.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे मालकी. कोणीतरी घाईत मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या खात्याने भांडारात एखादी आज्ञा चालवतो. त्यातून निर्माण झालेल्या फायली रूटच्या नावे लागतात आणि गिट सेवेच्या खात्याला तेथे लिहिता येत नाही. गंमत अशी की काहींचे पुश चालते आणि काहींचे नाही, कारण कोणाच्या नव्या वस्तू कोणत्या फोल्डरात पडतील हे ठरलेले नसते. एप्रिल २०२२ मधील सुरक्षा सुधारणेनंतर भांडाराचा मालक आणि आज्ञा देणारा वेगळा असल्यास गिट ‘संशयास्पद मालकी’ असे सांगून थांबते. यावर बहुतेकजण सर्व फोल्डर सुरक्षित माना अशी सूट देऊन मोकळे होतात. तो कुलूप बिघडले म्हणून दार काढून ठेवण्याचा प्रकार झाला. मालकी दुरुस्त करावी. सूट द्यायचीच, तर त्या एका फोल्डरापुरती द्यावी.

एसएसएचने जोडणी होत नसेल तर चावीपेक्षा चावीच्या फायलीच्या परवानग्या आधी पाहाव्यात. खात्याचे मुख्य फोल्डर गटातील इतरांना लिहिण्यास खुले असेल, तर एसएसएच सर्व्हर अधिकृत चाव्यांची यादी वाचायलाच नकार देतो. वापरणाऱ्याला मात्र ‘परवानगी नाही’ एवढेच दिसते, खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. याउलट सर्व्हरची ओळख बदलल्याचा मोठा इशारा आला, तर तो झटकून पुढे जाऊ नये. मार्च २०२३ मध्ये गिटहबची आरएसए खाजगी चावी काही काळ एका सार्वजनिक भांडारात उघडी पडली, म्हणून कंपनीने ती बदलली. जगभर असंख्य विकासकांच्या पडद्यावर तो इशारा झळकला. त्या वेळी योग्य रीत एकच होती : कंपनीने जाहीर केलेल्या नव्या ठशाशी समोरचा ठसा ताडून पाहणे. आपल्या कार्यालयातील सर्व्हर बदलतानाही नवा ठसा सहकाऱ्यांना आधी कळवावा.

एचटीटीपीवरून छोटे पुश जाते आणि मोठे ४१३ हा आकडा दाखवून परतते, तेव्हा दोष बहुधा पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्सचा असतो. त्याची पूर्वनिर्धारित मर्यादा अवघी १ एमबी आहे.

कुलूप-फायलींचे प्रकरण थोडे नाजूक. लेखन चालू असताना गिट ‘लॉक’ अशी अक्षरे शेवटी असलेली फाइल तयार करते व काम संपताच काढते. सर्व्हर मध्येच बंद पडला तर ती मागे राहते आणि पुढील प्रत्येक लेखन अडवते. ती पुसण्यापूर्वी त्या भांडारावर खरोखर कोणतीही प्रक्रिया चालू नाही, याची खात्री करणे आवश्यक आहे. चालू लेखनाचे कुलूप तोडले, तर किरकोळ अडथळ्याचे रूपांतर नुकसानीत होते.

वीज गेल्यानंतर

गोव्यात जून उजाडला की विजेचा लपंडाव सुरू होतो, आणि कपाटाखाली ठेवलेल्या सर्व्हरसाठी तो काळ कसोटीचा असतो. लेखन चालू असताना वीज गेली, तर फायलीचे नाव डिस्कवर उमटलेले असते पण मजकूर पोहोचलेला नसतो. परत सुरू केल्यावर गिट सांगते : अमुक वस्तूची फाइल रिकामी आहे. येथे घाबरून काही पुसू नये. प्रथम संपूर्ण भांडाराची, आहे त्या अवस्थेत, दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी. मग ‘गिट एफएससीके’ ही तपासणी चालवून कोणत्या वस्तू रिकाम्या, बिघडलेल्या किंवा गहाळ आहेत याची यादी करावी. गिटमधील प्रत्येक वस्तूचे नाव तिच्या मजकुरावरून काढलेले असते. त्यामुळे ज्या विकासकाने ते काम पाठवले, त्याच्या संगणकावर त्याच नावाची वस्तू जशीच्या तशी मिळते. रिकामी फाइल बाजूला काढून त्याच्याकडील प्रतीतून ती वस्तू आणली, की तपासणी पुन्हा चालवायची. स्वच्छ निकाल येईपर्यंत हे चालते. २०२२ मधील २.३६ या आवृत्तीपासून कोणता मजकूर डिस्कवर पक्का पोहोचल्याची वाट पाहायची, हे गिटमध्ये अधिक बारकाईने ठरवता येते. तरीही, वीज जाताच सर्व्हरला नीट बंद होण्याची आज्ञा देणारा यूपीएस हा सर्वांत साधा उपाय. नुसता यूपीएस बॅटरी संपेपर्यंतच सोबत करतो.

सबव्हर्जनमध्ये या तपासणीचे काम ‘एसव्हीएनअ‍ॅडमिन व्हेरिफाय’ करते. अजूनही कितीतरी कचेऱ्यांत जुनी सबव्हर्जन भांडारे शांतपणे चालू आहेत, आणि ती चालू आहेत म्हणूनच कोणी तपासत नाही. सबव्हर्जनलाही विचित्र धक्का बसू शकतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेतील व गूगलमधील संशोधकांनी एसएचए-१ या पद्धतीने सारखाच ठसा देणाऱ्या दोन भिन्न पीडीएफ फायली प्रसिद्ध केल्या. त्या दोन्ही फायली चाचणी म्हणून वेबकिट या ब्राउझर-प्रकल्पाच्या सबव्हर्जन भांडारात टाकल्या गेल्या आणि भांडारच अडून बसले, कारण जागा वाचवण्यासाठी सबव्हर्जन एकच ठसा असलेला मजकूर एकदाच साठवत असे. धोका तपासायला गेलेल्यांनीच तो ओढवून घेतला.

प्रत, प्रतिबिंब आणि भ्रम

आता मुख्य मुद्दा. २२ मार्च २०१३ रोजी केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा गिट सर्व्हर सुरक्षा-अद्ययावतीकरणासाठी बंद करून पुन्हा सुरू करण्यात आला, आणि त्याची फाइल-व्यवस्था बिघडल्याचे आढळले. सुमारे १५०० भांडारे तेथे होती. जगात ठिकठिकाणी त्याचे दुय्यम सर्व्हर होते. ते मुख्य सर्व्हरचे प्रतिबिंब सतत घेत. म्हणजे निर्धास्त राहायला हरकत नव्हती. पण मुख्य सर्व्हरवरील भांडारांची यादीच बिघडली होती. दुय्यम सर्व्हरांनी ती प्रमाण मानली, आणि यादीत नसलेली भांडारे आज्ञाधारकपणे पुसून टाकली. एका सर्व्हरवर योगायोगाने धड प्रत उरली म्हणून प्रकल्प वाचला. प्रतिबिंब घेताना काही प्रकारचे बिघाड गिट एकही त्रुटी न दाखवता पुढे जाऊ देते, हेही त्यानंतरच्या चाचण्यांत दिसले.

आरशापुढे उभ्या असलेल्याचा चेहरा ओरबाडला, तर आरशातलाही ओरबाडलेलाच दिसणार. प्रतिबिंब सर्व्हर बंद पडण्यापासून वाचवते. चुकीपासून, बिघाडापासून किंवा पुसले जाण्यापासून नाही. त्यासाठी कालची, गेल्या आठवड्याची आणि गेल्या महिन्याची अशा तारीखवार प्रती लागतात, आणि मुख्य सर्व्हरला ज्यावर लिहिता येत नाही अशा ठिकाणी लागतात.

दुसरे उदाहरण गिटलॅबचे, ३१ जानेवारी २०१७ चे. डेटाबेसची दुय्यम प्रत दुरुस्त करताना रात्री उशिरा एका अभियंत्याने पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबींपैकी ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप शोधू लागले. रोजचा बॅकअप होतच नव्हता : तो घेणारे साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचे होते, म्हणून दर वेळी अपयशी ठरे, आणि अपयशाची सूचना देणारे ईमेल पडताळणीअभावी नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत शेवटी कामी आली. भांडारे सुरक्षित राहिली, पण त्या सहा तासांतील तक्रारी, टिप्पण्या, नवी खाती गेली. कंपनीने ही दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. चूक झाकण्याऐवजी तिचा नकाशा काढून दिल्याबद्दल त्यांचे आभार मानावेत.

या दोन घटना समोर ठेवून छोट्या गटाने काय करावे? सर्व्हरवर येणारी प्रत्येक वस्तू तपासूनच स्वीकारण्याची गिटमधील सोय चालू करावी. ती मुळात बंद असते. मुख्य शाखांवर इतिहास पुसणारे सक्तीचे पुश आणि शाखा काढून टाकणे या दोन्हींना मनाई असावी. सर्व्हरवरील भांडारात शाखा कोठून कोठे सरकली याची नोंद गिट आपणहून ठेवत नाही, ती ठेवायला सांगावे; अन्यथा सक्तीच्या पुशने तुटलेले काम पूर्वनिर्धारित मुदतीनुसार दोन आठवड्यांनंतर साफसफाईत कायमचे जाऊ शकते. सबव्हर्जनची प्रत फोल्डर नुसते कॉपी करून घेऊ नये. चालू लेखनाच्या मध्ये ती अर्धवट येते. ‘हॉटकॉपी’ किंवा ‘डंप’ या आज्ञा त्यासाठीच आहेत. गिटलॅब स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे : गुप्त किल्ल्यांची फाइल त्याच्या नेहमीच्या बॅकअपमध्ये मुद्दाम समाविष्ट केलेली नसते. ती वेगळी जपली नाही, तर परत आणलेल्या डेटाबेसमधील कूटबद्ध माहिती वाचता येत नाही.

आणि बॅकअप झाला की नाही, हे ईमेलवर सोडू नये. महिन्यातून एकदा एखाद्या मोकळ्या संगणकावर ती प्रत उतरवावी, तपासणी चालवावी, प्रकल्प बांधून पाहावा आणि या साऱ्याला किती वेळ लागला ते वहीत लिहावे. गिटलॅबकडे शेवटी चांगली प्रत होती. पण ती ज्या डिस्कवर होती ती संथ होती, आणि तिच्यावरून डेटा परत आणायला सुमारे अठरा तास लागले.