अंबरनाथच्या तुळईवरील आंकडा

कल्याणहून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग अंबरनाथचे दोन भाग करतो. पश्चिमेचा भाग कारखान्यांनीं घडविला. १९२३ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीनें येथें आगपेट्यांचा कारखाना चालविला. तो आज राहिलेला नाहीं. पण 'विमको' हें त्याचें नांव नाक्याला चिकटून राहिलें आहे. शस्त्रसामग्रीच्या सरकारी कारखान्याची वसाहतही याच बाजूस. तेथून रूळ ओलांडून पूर्वेस गेलें, कीं वालधुनीच्या कांठीं शिलाहारांचें शिवमंदिर लागतें, आणि शंभर वर्षांच्या वस्तींतून वाटसरू जवळजवळ हजार वर्षें मागें जातो.

मंदिराचें हें वय मात्र सहजासहजीं हातीं लागलें नाहीं. सभामंडपाच्या उत्तर दारावरील तुळईवर, आंतल्या अंगास, एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो वाचला तेव्हां त्यांस त्यांत शक ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असें दिसलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासला. पहिला आंकडा साताचा नसून नवाचा आहे, शक ९८२ आहे, असें त्यांनीं ठरविलें. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखालीं तयार झालेले! गुरूचें वाचन शिष्यानें सुधारलें आणि मंदिर दोनशें वर्षें अलीकडे, इ. स. १०६० मध्यें, आलें.

हा निव्वळ सनावळीचा हट्ट नव्हे. लेखांत महामंडलेश्वर मामवाणिराजाचें नांव आहे. नवव्या शतकांतील शिलाहारांत या नांवाचा राजा सांपडत नाहीं. शक ९८२ धरतांच मात्र तो छित्तराज व नागार्जुन या भावांच्या मागून गादीवर आलेला मुम्मुणि ठरतो, आणि उत्तर कोंकणच्या वंशावळींतला एक दुवा जागच्या जागीं बसतो. भाऊ दाजींस दोष देण्याचें कारण नाहीं. झिजलेल्या काळ्या दगडापुढें भलेभले जाणकार चकतात.

मंदिर पश्चिमाभिमुख आहे. गाभारा सभामंडपाहून खोल असल्यामुळें पायऱ्या उतरून आंत जावें लागतें. शिखराचा माथा ढासळला असल्यानें उजेड वरून पिंडीवर पडतो. येथील शिल्पांचीं रेखाचित्रें, छायाचित्रें व ठसे घेण्याचें काम सरकारनें १८६८ सालीं मुंबईच्या कलाशाळेकडून करविलें. तेव्हां या मार्गावरून आगगाडी धावूं लागून बाराच वर्षें झालीं होतीं. महाशिवरात्रीस आतां दोन्ही बाजूंनीं माणसांची रीघ लागते. उत्तरेच्या त्या तुळईकडे मान वर करून पाहणारा मात्र विरळाच.