कंट्रोल, शिफ्ट आणि सा. न. वि. वि.

मोरोपंतांनी एक रामायण लिहून समाधान मानले नाही, अष्टोत्तरशत रामायणे रचली. तेही आमच्या बारामतीत राहून. अशा गावच्या माणसाला 'शॉर्टकट' ही चीज उशिरा कळली, तर दोष त्याचा नाही, गावच्या पाण्याचा आहे.

मी रोज बारामतीहून एस.टी.ने इंदापूरला जातो आणि तिथल्या एका बँकेत कारकुनी करतो. शिक्षण बी.कॉम. म्हणजे डेबिट कुठल्या बाजूला हे मला पक्के ठाऊक आहे. माउस कुठल्या बाजूला गेला, हे मात्र दिवसातून दहा वेळा शोधावे लागते.

गेल्या महिन्यात एक आजीबाई पेन्शनच्या अर्जासाठी आल्या. अर्ज ब्राउझरमध्ये भरायचा होता. पाऊण भरूनही झाला. शेजारचे एक रिकामे पान बंद करावे म्हणून मी ऐटीत कंट्रोल-डब्ल्यू दाबले. नेमका आजींचाच अर्ज अंतर्धान पावला! शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने "थांबा सर," म्हणत कंट्रोल-शिफ्ट-टी दाबले. गेलेले पान परत आले, पण कोरे करकरीत. आजी एवढेच म्हणाल्या, "लेकरा, साडेचारची गाडी गावंल ना?"

गाडी गावली नाही.

त्या रात्री मी शॉर्टकटचा इतिहासच काढला. कारकुनाची खोडच आहे ती. चूक झाली की मागची फाईल उघडायची.

शॉर्टकट साहेबाने आणले, अशी माझी समजूत होती. साफ चूक. मोडी लिपीचे श्रेय परंपरा देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंताला देते. ते कसेही असो, मोडीचे मर्म कारकुनाला एका नजरेत कळते. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग शक्यतो बोरू न उचलता अक्षरामागून अक्षर वळवीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. शाळेतले माझे शुद्धलेखन पाहता मी दोनशे वर्षे उशिरा जन्मलो, हे उघड आहे. एवढ्यानेही भागेना, म्हणून जोडीला संक्षेप. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हा लांबलचक दंडवत पोस्टकार्डावर 'सा. न. वि. वि.' एवढ्यात उरकायचा. चार अक्षरांत माणूस पालथा पडून उठलासुद्धा!

हिशेबाचेही तेच. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सारे तोंडी शॉर्टकटच की! १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आण्यांमागोमाग हे पाढेही हळूहळू मोडीत निघाले.

तिकडे अमेरिकेत १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी मजकूर इथून कापून तिथे डकवण्याची सोय सुटसुटीत केली. १९८३ साली आलेल्या अॅपलच्या 'लिसा' संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतल्या चार शेजारणींना कामे वाटून मिळाली. झेडने केलेले रद्द करायचे, एक्सने कापायचे, सीने नक्कल करायची, व्हीने डकवायचे. एक्स म्हणे कात्रीसारखी दिसते म्हणून! एकच कळ कधी हे तर कधी ते करते, याचा टेस्लरना मनस्वी राग होता. इतका, की त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही तशी घोषणा होती. २०२० साली ते गेले. माझ्या हातून केवढे नुकसान व्हायचे त्यांनी वाचवले आहे, हे त्यांना कळवायचे राहूनच गेले.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली लिहिला. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. म्हणजे मला शिकायला तीसेक वर्षे मिळाली होती. मी ती माउस शोधण्यात घालवली.

मग मात्र पाढे पाठ करावे तसा बसलो. कंट्रोल-टी म्हणजे नवे पान, कंट्रोल-एल म्हणजे थेट पत्त्याच्या पट्टीत, कंट्रोल-एफ म्हणजे पानातला हवा तो शब्द. कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबले की अक्षरे मोठी होतात. चाळिशीनंतर ही कळ सर्वांत लाडकी. सेटिंगमध्ये जाऊन 'काल जिथे थांबलो तिथून सुरू' असेही ठरवून टाकले. आणि कुणाचाही अर्ज आता कंट्रोल-एनने वेगळी खिडकी उघडूनच भरतो. डब्ल्यूच्या वाटेला जात नाही. सौ.ने हे सारे ऐकून विचारले, "भाजी आणायला काही कळ आहे का?" नव्हती. पिशवी घेऊन निघालो.

पण एक गोष्ट ध्यानात आली. बोरू न उचलणारा तो कारकून स्वतःचा हात वाचवीत होताच. पण त्याच्यापुढे कुणीतरी सांडणीस्वारही खोळंबला असणार. माझ्यापुढे साडेचारची गाडी असते.

परवा आजी पुन्हा आल्या. या खेपेला अर्ज दहा मिनिटांत झाला. घड्याळात पावणेचार. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "आजी, आज गाडी नक्की मिळणार!"

"मग बसते की जरा," म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि धाकट्या सुनेची हकिकत अगदी पहिल्यापासून सुरू केली. चार वाजून वीस मिनिटांनी कुठे ती माहेरी पोचली.

मी कंट्रोलवरचा हात काढून घेतला होता. त्या हकिकतीत एकही शॉर्टकट नव्हता.