काळ्या तबकड्यांतलं हसू

गेल्या दिवाळीत अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. त्याला जुन्या रेकॉर्डी जमवायचा नाद आहे. म्हणाला, "मावशी, आज एक भारी गोष्ट मिळाली." चीच मारिन आणि टॉमी चाँग या तिकडच्या विनोदी जोडीची १९७२ सालची ती रेकॉर्ड, नाव 'बिग बाम्बू'. गांजा ओढून भान हरपलेल्या दोन माणसांच्या गप्पा, एवढाच विषय. पाकीट सिगरेट वळायच्या कागदाच्या पुडीसारखं केलेलं आणि आत खरोखरच तसला एक भला मोठा कागद ठेवलेला. बहुतेकांनी तो काढून घेतला, म्हणून कागदासकट रेकॉर्ड मिळाली तर तिचं मोल जास्त. याच जोडीच्या १९७३ च्या पुढच्या रेकॉर्डीला ग्रॅमी पुरस्कारसुद्धा मिळाला म्हणे.

मग त्यानं विचारलं, "तुमच्या लहानपणी असलं काही होतं का गं?"

मी लगेच म्हटलं, "छे रे, आपलं जैनाचं घर." फोन ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. असलं काही घरात नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणाले?

माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेल्या रेकॉर्डी निघाल्या. काही जाड, जड, हातातून पडल्या तर काचेसारख्या फुटणाऱ्या. काही पातळ, वाकणाऱ्या. एक एच.एम.व्ही.ची सुयांची डबी, झाकणावर भोंग्यापुढे बसलेला तो कुत्रा. सुया केव्हाच संपल्या होत्या. आईनं त्या डबीत कुंकू ठेवलं होतं, त्याचा लाल रंग कडेला अजून आहे. आणि तळाशी 'शोले'च्या संवादांची पॉलिडोर कंपनीची मोठी रेकॉर्ड, पाकिटाचे कोपरे कुरतडलेले.

आधी जाड रेकॉर्डींबद्दल सांगते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकड्या लाखेच्या असत. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून त्या दाबून काढत. ही लाख येते पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवरच्या बारीक किड्यांपासून. आपल्या बालाघाट, सिवनी, मंडल्याच्या रानात ती आजही निघते. एका तबकडीसाठी किती किडे खर्ची पडत असतील याचा हिशोब कोण करणार? आपल्या शास्त्रात श्रावकानं जे पंधरा धंदे करू नयेत असं सांगितलंय, त्यांत लाक्षावाणिज्य आहे. त्याच यादीत रसवाणिज्यही आहे, म्हणजे मध-मद्याचा व्यापार. आमच्या आजीला ही नावं पाठ होती. पण ज्या गादीवर बसून ती जाप करायची, तिच्या शेजारच्याच तिवईवर ती लाखेची तबकडी फिरायची. आजीला ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. पुढे प्लॅस्टिकच्या रेकॉर्डी आल्या आणि ते पाप आपोआप सुटलं. नशेचं मात्र सुटलं नाही, ते रेकॉर्डीच्या आवाजात तसंच राहिलं.

'शोले' १९७५ च्या १५ ऑगस्टला लागला. त्याची गाणी गाजली, पण खरा गाजावाजा संवादांच्या रेकॉर्डीचा झाला. ज्यानं सिनेमा पाहिला नाही त्यालाही ते संवाद पाठ. गणपतीच्या मांडवात, पानठेल्यावर, लग्नघरी तेच. आमच्याकडे फिएस्टा होता, सुटकेससारखा मिटणारा. सगळ्यात लाडका प्रसंग कोणता, तर जय आपल्या मित्राचं स्थळ घेऊन मौसीकडे जातो तो. मित्राची स्तुती करता करता एकेक गुण बाहेर काढतो. आधी जुगार, मग दारू, मग नाचणारीचा कोठा. आम्ही पोट्टे लोटपोट व्हायचो. कधी मुद्दाम वेग वाढवून लावायचो, मग जयचा भारदस्त आवाज चिमणीसारखा व्हायचा.

आजी माळ थांबवून बोटं मोजायची. जुगार एक, मद्य दोन, वेश्या तीन. "अगं बाई, सात व्यसनांतली तीन तर इथंच झाली! आणि तुम्ही हसता काहून?" असं म्हणता म्हणता तीसुद्धा पदर तोंडाला लावायची.

पाठशाळेत आम्हाला सप्तव्यसनं पाठ करून घेत. घरी त्यांतली तीन रेकॉर्डीवर ऐकून हसायचो. यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटलं नाही.

बेवड्याला हसण्याची ही सवय सिनेमानं लावली असं म्हणावं, तर मराठीत ती त्याहून जुनी आहे. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी सावनेरला वारले. सावनेर म्हणजे नागपूरहून छिंदवाड्याला जाताना लागतं ते, आपल्या बाजूचंच गाव. त्या नाटकात तळीराम आहे आणि त्याचं आर्यमदिरामंडळ आहे. लोक पोट धरधरून हसत. त्याच नाटकात सिंधूही आहे, दारूपायी नवरा आणि संसार दोन्ही गमावणारी. तिची भूमिका बालगंधर्वांनी केली, आणि तिची पदं रेकॉर्डीवर निघून घराघरांत पोचली. आमच्या पेटीतही त्यांतलं एक आहे, मधोमध तडकलेलं.

गडकऱ्यांनी हसू आणि रडू एकाच नाटकात बांधलं होतं, माणसानं दोन्ही बरोबर पाहावं म्हणून. भाषेनं मात्र निवड केली. आजही पेपरात मथळा असतो, 'तळीरामांवर कारवाई'. दारू पिणारा म्हणजे तळीराम, सगळ्यांना कळतं. पण दारुड्याच्या बायकोला कुणी सिंधू म्हणत नाही. तिच्यासाठी शब्दच नाही. हसण्याजोगा माणूस शब्दकोशात गेला आणि रडणारी गाण्यातच राहिली.

हिंदीत तर बेवड्याची भूमिका हा एक पेशाच झाला. जॉनी वॉकर मूळचे इंदूरचे, खरं नाव बदरुद्दीन काझी. मुंबईत बस कंडक्टरची नोकरी केली. गुरुदत्तांपुढे झिंगलेल्या माणसाची नक्कल केली आणि सिनेमात शिरले. नावसुद्धा व्हिस्कीचं मिळालं. आणि हा माणूस स्वतः पीत नव्हता! लहानपणी हे कळलं असतं तर आजीला किती बरं वाटलं असतं.

गांजा-भांगेचं म्हणाल, तर तोही काही परका विषय नव्हे. इंग्रजांनी १८९३ साली त्यावर चौकशी आयोग नेमला होता. तेव्हा आपण ज्या मध्य प्रांतात होतो, तिथं गांजाच्या लागवडीला परवानगी होती ती खंडव्याकडे. पुढे १९८५ च्या कायद्यानं गांजा बंद केला, पण भांगेची पानं त्यातून वगळली. म्हणून आपल्या मध्य प्रदेशात सरकारमान्य भांगेची दुकानं आजही दिसतात, आणि होळीला घोटा पिऊन बडबडणारा माणूस अजून सगळ्यांच्या करमणुकीचा असतो. म्हणजे भाच्याच्या त्या दोन गांजेकसांत आणि आपल्यात फार अंतर नाही. तिकडं रेकॉर्ड काढली, इकडं अंगणात रंगतं, एवढंच.

आता जे सांगायला ही पेटी उघडली ते सांगते.

आमच्या घरी ती रेकॉर्ड लागली की एकच माणूस हसत नसे. काकू. मौसीचा प्रसंग सुरू झाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी घासायला घ्यायची, घासलेलीच पुन्हा. आम्हाला वाटायचं, काकू फार कडक धर्माची आहे. कुणी तरी तिला 'साध्वी' असं नावही ठेवलं होतं.

काका भरवेलीच्या मॅंगनीज खाणीकडे माल पोचवायचे. रात्री उशिरा येत. "वसुलीला गेले," असं आजी सांगायची. दशलक्षणात ते मंदिरात पुढे बसत, आरतीची बोली लावत. समाजात नाव मोठं. आम्हाला वेलची चघळणारे, चॉकलेट देणारे काका फार आवडत. ते पितात हे घरात सगळ्या मोठ्यांना माहीत होतं आणि एकाच्याही तोंडून कधी निघालं नाही. जैनाच्या घरात दारू? बोललं की खरं होणार. न बोलता काकूनं सव्वीस वर्षं काढली. काका गेले तेव्हा लोक म्हणाले, कावीळ झाली होती.

मला हे कळलं ते माझं लग्न होऊन, दोन लेकरं झाल्यावर. आणि कळल्यावर आधी आठवली ती ती भांडी.

मागच्या आठवड्यात फिएस्टा दुरुस्त करून आणला. काकू आता ऐंशीच्या पुढे आहे, सूर्य मावळायच्या आधी जेवते, मग ओट्यावर बसते. मी तिला विचारलं, "काकू, रेकॉर्डी निघाल्या आहेत. नागपूरचा एक जण विकत मागतो. 'शोले'ची देऊन टाकू?"

तिनं पाकीट हातात घेतलं, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. "लाव," म्हणाली.

"नको काकू."

"लाव गं. आता कोण येणार आहे रात्री?"

सुई टेकवली. खरखर झाली, मग जयचा आवाज आला. काकू पूर्ण ऐकत बसली, उठली नाही. संपल्यावर म्हणाली, "मौसी हुशार होती माय. तिनं आधी विचारलं तरी. माझ्या वेळी कुणी विचारलंच नाही. आणि ज्यांना माहीत होतं ते बोलले नाहीत."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तुझ्या नातीसाठी स्थळ बघाल तेव्हा विचारा. घर चांगलं आहे, मंदिरात जातात, एवढ्यावर थांबू नका."

वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर, आपल्या शेजारच्या विदर्भातल्या या जिल्ह्यांत दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. त्यासाठी बाया रस्त्यावर आल्या, आपल्या घरातलं उघड बोलल्या. आपल्या समाजातल्या बायांना ते जमलं नाही, कारण आपल्याकडे दारू नसतेच असं आपण ठरवून टाकलंय. व्रत घेतलेलं चांगलंच. पण ते मोडलं गेलं तर बोलायचं कुणापाशी, हे आपण एकमेकींना कधी सांगितलं नाही.

भाच्याला फोन करून सांगितलं, "हो रे, असलं होतं आमच्याकडे." तो खूश झाला, फोटो पाठव म्हणाला. नागपूरच्या माणसाला मी नाही म्हणून कळवलं. रेकॉर्डी पुन्हा आईच्या नऊवारीत बांधल्या. सुयांची डबी मात्र काकूनं मागून घेतली. तिच्या देवघरात आता त्यात अक्षता असतात.