जलशीर्ष : शंटचिकित्सेचा इतिहास

मस्तिष्कातील विवरांत मस्तिष्क-मेरुद्रवाचा प्रमाणाबाहेर संचय होऊन ती विस्फारतात, या विकारास जलशीर्ष म्हणतात. प्रौढाच्या शरीरात दररोज सु. ५०० मिलि. द्रव तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. मार्गात अडथळा आल्यास किंवा शोषण मंदावल्यास दाब वाढतो. कवटीची हाडे सांधली न गेलेल्या अर्भकाचे डोके त्यामुळे मोठे होत जाते, टाळू फुगीर होते आणि नजर खाली वळते. साठणारा द्रव नळीवाटे शरीरातील अन्य पोकळीत सोडण्याच्या योजनेस शंट म्हणतात.

द्रवाच्या अभिसरणाचे ज्ञान होईपर्यंत या रोगावरील शस्त्रक्रिया म्हणजे अंधारातील चाचपणीच होती. बॉल्टिमोर येथील वॉल्टर डँडी व केनेथ ब्लॅकफॅन यांनी १९१३-१४ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून अडथळ्यामुळे जलशीर्ष होते, हे दाखविले. द्रव कोठे सोडावा, हा प्रश्न मात्र राहिला. १९४९ मध्ये डॉनल्ड मॅटसन यांनी तो मूत्रवाहिनीत सोडला. त्यासाठी बालकाचा एक निरोगी वृक्क काढून टाकावा लागे आणि द्रवाबरोबर क्षारही निघून जात.

नीलेत नळी सोडावी, तर रक्त उलट शिरून गोठे. म्हणून एकाच दिशेने उघडणारी झडप अत्यावश्यक होती. फ्रँक नल्सन व यूजीन स्पिट्झ यांनी १९४९ मध्ये फिलाडेल्फियात गोळी व स्प्रिंग असलेली झडप वापरली. तिला टिकाऊ रूप दिले ते वैद्यकाशी संबंध नसलेल्या एका माणसाने. कुलपे बनविणाऱ्या कंपनीतील तंत्रज्ञ जॉन होल्टर यांचा मुलगा केसी १९५५ मध्ये मेरुदंडाच्या जन्मजात दोषासह जन्मला व त्याला जलशीर्ष झाले. होल्टर यांनी सिलिकोन रबरात चिरा पाडून, ठरावीक दाबाला उघडणारी व उलट प्रवाहाने मिटणारी झडप तयार केली. १९५६ मध्ये ती प्रथम दुसऱ्याच बालकात बसविण्यात आली. केसी वयाच्या पाचव्या वर्षी वारला. झडपेने मात्र असंख्य मुले वाचविली. रॉबर्ट पुडेन्झ यांनीही याच सुमारास सिलिकोनची नळी प्रचारात आणली. लेखक रोआल्ड डाल यांच्या मुलाला १९६० मध्ये अपघातानंतर हा विकार झाला व त्याची नळी वारंवार तुंबू लागली. त्यातून अभियंता स्टॅन्ली वेड व शल्यचिकित्सक केनेथ टिल यांच्या सहकार्याने १९६२ मध्ये आणखी एक झडप निघाली. तिघांनीही तिच्यावर नफा घेतला नाही.

हृदयाच्या उजव्या अलिंदात सोडलेली नळी मूल वाढू लागताच तोकडी पडे. शिवाय रक्तात जंतू पसरत, गुठळ्या फुप्फुसात जात व क्वचित वृक्कशोथ होई. म्हणून १९७० नंतर नळीचे टोक उदरपोकळीत सोडण्याची पद्धत रूढ झाली. सर्वांत चिवट उपद्रव जंतुसंसर्गाचा. त्वचेवरील एरवी निरुपद्रवी गोलाणू नळीवर बुळबुळीत थर करून राहतात व प्रतिजैविके तेथे पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून संपूर्ण शंट काढून, द्रव तात्पुरता शरीराबाहेर वाहता ठेवून, उपचारानंतर नवा शंट बसवावा लागतो. २०१९ मधील एका ब्रिटिश चाचणीत प्रतिजैविकयुक्त नळ्यांमुळे संसर्गाचे प्रमाण ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. नळी तुंबल्यास डोकेदुखी, वांती व गुंगी ही लक्षणे दिसतात. अशा वेळी विलंब प्राणघातक ठरू शकतो. उलटपक्षी, उभे राहिल्यावर द्रव फाजील ओढला जाऊन दृढतानिकेखाली रक्तस्राव होतो. झडपांच्या रचनेत पुष्कळ सुधारणा झाल्या. तथापि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तिन्ही प्रकारच्या झडपांपैकी एकही सरस ठरली नाही आणि पहिल्याच वर्षात सु. ४० टक्के शंट निकामी झाले.

किंमत हाही उपचारातला अडसर आहे. उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे बनणारा छाब्रा शंट सु. ३५ डॉलरना, तर तुलनेतील पाश्चात्त्य शंट सु. ६५० डॉलरना मिळे. बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातील १९५ मुलांवर केलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोहोंच्या परिणामांत फरक आढळला नाही. शंटऐवजी दुर्बिणीतून तिसऱ्या विवराच्या तळाशी छिद्र पाडण्याची शस्त्रक्रियाही तेथे केली जाऊ लागली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०० अर्भकांवरील चाचणीत वर्षभरानंतरच्या बौद्धिक विकासात दोन्ही उपचार तुल्य ठरले. हे छिद्रही कालांतराने बुजू शकत असल्यामुळे अशा मुलांवर लक्ष ठेवावेच लागते.