लव्हर्स (चित्रे)

चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांची वादग्रस्त ठरलेली दोन चित्रे. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनातील एकल प्रदर्शनात ती मांडली होती. नग्न युगुलातील पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर दाखवल्याने पोलिसांनी ती उतरवण्यास सांगितले. पदमसींनी नकार देताच त्यांच्यावर भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ खाली अश्लीलतेचा खटला भरला गेला. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयातही तो निकाल कायम राहिला. १८८४ च्या पॅरिस सलोनमध्ये ‘मादाम एक्स’ या व्यक्तिचित्रावरून असाच गहजब झाला होता. तिथे मात्र चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनी खांद्यावरून घसरलेला पोशाखाचा पट्टा नंतर पुन्हा खांद्यावर रंगवला.