पहिली घोरपड घेताना

गेले दोन विकांत मी एकच काम करतोय. एक्सेलमध्ये तक्ता उघडायचा, त्यात रिमोटवर चालणाऱ्या रॉक क्रॉलर गाड्यांची नावं, मोटर, बॅटरी, चाकांचा आकार, किंमत वगैरे भरायचं, आणि काहीही न ठरवता लॅपटॉप मिटायचा. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार!

दुसऱ्या रविवारी बाबा मागे येऊन उभे राहिले. तक्ता नीट वाचला आणि म्हणाले, "यातली पळते कुठली ते दिसलं. थांबते कुठली ते कुठं लिहिलंय?"

मी गप्प. तो रकानाच नव्हता माझ्या तक्त्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रॉक क्रॉलर म्हणजे दगडधोंड्यांवरून चढणारी रिमोटची गाडी. ही शर्यतीत पळत नाही. माणसाच्या चालीने, कधी त्याहूनही हळू, एकेक चाक दगडावर टेकवत वर जाते. तानाजीच्या घोरपडीची आख्यायिका आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. ही तीच घोरपड, फक्त बॅटरीवरची. :)

आता हे बाबांना विचारण्याचं कारण. बाबा सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता (पालघर जिल्हा २०१४ साली झाला), आणि तिथल्या रस्ता नसलेल्या पाड्यांवर महिंद्राची एमएम ५४० घेऊन जाण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. निवृत्त झाले आणि वर्षभरात गुडघ्यांनी संप पुकारला. पूर्वी दर रविवारी जीवदानीच्या पायऱ्या चढणारा माणूस आता विरारच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून असतो. डॉक्टर म्हणतात, सपाटीवर रोज चाला. बाबा म्हणतात, "कुठं जायचंय म्हणून चालू?"

मागच्या दिवाळीत मी त्यांना एक रिमोटची बग्गी आणून दिली होती. खोक्यावर वेगाचा आकडा मोठ्ठा छापलेला, तो बघूनच घेतली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या आवारात ती पाण्याच्या टाकीच्या खांबावर आदळली, पुढच्या चाकाचा आर्म तुटला आणि तो सुटा भाग कुठेच मिळेना. बाबांनी ती खोक्यात घालून माळ्यावर टाकली. "डोळ्याला लागत नाही रे ती," एवढंच म्हणाले. तेव्हा या खेपेला चुकून चालणार नव्हतं. तिसऱ्यांदा काही ते रिमोट हातात घेणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तक्ता बाजूला ठेवला आणि या गाड्या आल्या कुठून ते वाचायला बसलो.

सुरुवात होते निकोला टेस्लापासून. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पाण्याच्या हौदात एक छोटी बोट सोडली आणि तारेशिवाय ती वळवून दाखवली. आत शिकवलेलं माकड बसवलंय, असंही काही लोकांना वाटलं म्हणे. गाड्यांची पाळी मात्र बरीच उशिरा आली. १९६६ मध्ये इटलीतल्या एल-जी या कंपनीने १/१२ प्रमाणातली रिमोटची फेरारी बाजारात आणली. मग १९७६ मध्ये जपानच्या तामियाने पोर्शे ९३४ आणली. या मॉडेलसाठी तामियाने खरीखुरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती. (आपण ऑफिसचा लॅपटॉप उघडला तरी आयटी सपोर्टवाले ओरडतात!)

तिथून पुढे जवळजवळ सगळा प्रवास वेगाच्या दिशेने झाला. अधूनमधून अपवाद होते. १९८१ ची तामियाची टोयोटा हायलक्स घ्या : फोर बाय फोर, खाली खऱ्या गाडीसारखे पाटे आणि तीन गिअरांचा गिअरबॉक्स. १९८७ मध्ये 'क्लॉड बस्टर' आली. प्रचंड चाकं, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर एकेक स्वतंत्र मोटर, आणि चारही चाकं वळणारी.

क्रॉलरचा जन्म यातूनच झाला, पण कंपनीच्या कारखान्यात नव्हे. अमेरिकेत खऱ्या जीपा घेऊन दगडांवर चढायचा नाद जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर १९५३ साली पहिली जीप जांबोरी झाली. पुढे तिथल्या हौशी लोकांनी तोच खेळ छोट्या गाड्यांवर करायचं ठरवलं. क्लॉड बस्टरचे ॲक्सल काढले, मधली चौकट स्वतः कापून लांब केली, गाडी जमिनीलगत जड आणि वर हलकी केली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तामियाच्याच टीएलटी या लहान ट्रकचे ॲक्सल घेऊन अशाच जोडगाड्या बनत होत्या. हे सगळं घरच्या टेबलावर चाललं होतं. ही मागणी ओळखून ॲक्सियल कंपनीने २००७-०८ च्या सुमारास एएक्स१० स्कॉर्पियन हे खास क्रॉलर म्हणूनच बनवलेलं किट आणलं. पाठोपाठ एससीएक्स१० आली, जी खऱ्या जीपसारखी दिसायची. २०१७ मध्ये ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ आली आणि २०१९-२० मध्ये ॲक्सियलचीच तळहातावर मावणारी, १/२४ प्रमाणातली एससीएक्स२४.

म्हणजे बघा, कंपन्या चाळीस वर्षं 'किती जोरात?' हा प्रश्न सोडवत होत्या, आणि मूठभर लोक गाड्या मोडून 'किती हळू?' असं विचारत होते. हे लक्षात आलं आणि माझा तक्ता एकदम उलटा झाला.

हा इतिहास मी जेवताना बाबांना सांगितला. ते म्हणाले, "यात नवीन काय? जीप अशीच चालवतात."

ते खरंच होतं. मूळ जीप अमेरिकन सैन्यासाठी १९४० मध्ये बॅंटम कंपनीने तयार केली, नंतर विलिसने ती मोठ्या संख्येने बनवली. आपल्याकडे १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. चाळीसच्या दशकाच्या शेवटी याच कंपनीने विलिस जीप भारतात जोडायला घेतली. ऐंशीच्या दशकातली एमएम ५४० ही त्याच घराण्यातली, प्यूजोच्या बनावटीच्या डिझेल इंजिनवर चालणारी. गंमत म्हणजे १/१० प्रमाणातल्या क्रॉलरमध्ये जी मोटर सर्रास असते तिचा आकारही '५४०' म्हणूनच ओळखला जातो! दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण बाबा त्यावर भलतेच खूश झाले.

मग त्यांनी ताटातल्या भाकरीच्या तुकड्यावर मला डिफरन्शियल शिकवलं. (चार वर्षं इंजिनिअरिंग करून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते.) वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना. १८२७-२८ च्या सुमारास पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने ती वाहनासाठी मांडली. रस्त्यावर उत्तम. पण खडकात एक चाक अधांतरी झालं की तेच गरगर फिरतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म. "तेव्हा खाली उतरायचं आणि दगड लावायचा," बाबा म्हणाले. क्रॉलरवाल्यांनी यावर सोपा तोडगा काढला : डिफरन्शियल बांधूनच टाकायचं, दोन्ही चाकं एकत्र फिरवायची. वळताना टायर थोडे घासतात, पण चढताना कुणी अधांतरी राहत नाही. टीआरएक्स-४ मध्ये हे रिमोटवरून बांधता-सोडता येतं. शिवाय तिला पोर्टल ॲक्सल आहेत, म्हणजे ॲक्सल चाकाच्या मध्यबिंदूपेक्षा वर, त्यामुळे पोट दगडाला घासत नाही. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतीसाठी बनलेल्या उनिमोगमध्ये होतीच.

राहिला रिमोट. मी तिसरीत असताना क्रॉफर्ड मार्केटातून माझ्यासाठी रिमोटची गाडी आली होती. शेजारच्या बिल्डिंगमधल्या पोराकडे तशीच होती. त्याने बटण दाबलं की माझी गाडी पळायची! दोन्ही २७ मेगाहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर होत्या ना. आताच्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी एकमेकांना ओळखते. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. घरातलं वायफाय त्याच पट्ट्यावर चालतं. बरेच रिमोट दुसऱ्या सिग्नलचा अडथळा येऊ नये म्हणून सतत वाहिन्या बदलत राहतात. या कल्पनेचं एक पेटंट १९४२ साली रेडिओवर चालणाऱ्या टॉर्पेडोसाठी घेतलं गेलं होतं, आणि ते घेणाऱ्या दोघांपैकी एक होती हॉलिवूडची नटी हेडी लामार.

नमनाला घडाभर तेल झालं. आता निवड.

पहिला प्रश्न बाबांचाच : थांबते का? चढावर ट्रिगर सोडला की गाडी जागीच उभी राहिली पाहिजे. याला ड्रॅग ब्रेक म्हणतात. स्पीड कंट्रोलर मोटरची दोन टोकं आपसात जोडतो, मग मोटर फिरायलाच विरोध करते. साध्या खेळण्यांत हे बहुधा नसतं. हे नसेल तर बाकी कितीही छान असो, घेऊ नका.

दुसरा : मोटर किती टर्नची? तारेचे वेढे जास्त तितका वेग कमी आणि ताबा जास्त. पहिल्या गाडीला ३५ ते ५५ टर्नची साधी ब्रशवाली मोटर पुष्कळ झाली.

तिसरा : सुटे भाग मिळतात का? परदेशी खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा आहे. त्यामुळे गाडी कशीबशी मिळेल, पण गिअर तुटला तर पुढे काय, हे आधी बघा. बग्गीच्या वेळी मी हेच बघितलं नव्हतं.

चौथा : चालवणार कुठे आणि कोण? एससीएक्स२४ चा व्हीलबेस जेमतेम १३ सेंटीमीटर. चार पुस्तकं आणि दोन उशा रचल्या की घरातच घाट तयार. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी हीच सुचवीन. पण ती घरात बसून चालवता येते, आणि मला नेमकं तेच नको होतं. शिवाय बाबांच्या डोळ्यांना मोठी गाडी बरी. म्हणून १/१० घेतली : साधी, बांधलेल्या डिफरन्शियलची, ब्रशवाली, एका हौशी माणसाने वापरलेली. नव्याच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळाली आणि सोबत त्याने सुट्या भागांची पिशवीही दिली. नवीन कोरी पोर्टलवाली घ्यायचा मोह झाला होता, पण ईएमआयकडे बघून आवरला.

वसईकरांनो, जागेबद्दल दोन शब्द. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि तुंगारेश्वर अभयारण्य. तिथे गाडी काढू नका. राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर तर नकोच. खारं पाणी आणि बारीक वाळू बेअरिंग खाऊन टाकते, खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी. आम्ही टेम्पोतून खाणीतले दहा-बारा काळे दगड आणून सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत टाकले. सेक्रेटरींची परवानगी काढायला गाडी निवडण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

परवा शनिवारी संध्याकाळी पहिली फेरी. बाबांनी गाडी पहिल्या दगडावर अर्धी चढवली आणि मुद्दाम ट्रिगर सोडला. गाडी तिरकी, नाक आभाळाकडे, पण जागची हलली नाही. बाबा थोडा वेळ नुसते बघत राहिले.

"थांबते," म्हणाले.

मग पुढचं चाक कुठे टेकवायचं ते दिसेना, म्हणून ते भिंतीच्या बाजूला गेले. तिथून दिसेना, म्हणून या बाजूला आले. ही गाडी माणसाच्या चालीने जाते, त्यामुळे चालवणाऱ्याला तिच्यासोबत चालावंच लागतं. हे मात्र मला कुठल्याच तक्त्यात सापडलं नव्हतं. बॅटरी पाऊण तास चालली. तेवढा वेळ बाबा दगडांभोवती फिरत होते आणि गुडघ्यांचं नाव एकदाही निघालं नाही.

रात्री मी बॅटरी चार्जरला लावली. (लिपो कधीही पूर्ण उतरू देऊ नका, आणि दोन-चार दिवस वापरणार नसाल तर एका सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.) बाबा शेजारी उभे राहून म्हणाले, "दुसरी बॅटरी किती रुपयांना येते?"

असो. तक्ता परत उघडलाय. या खेपेला रकाने ते सांगणार आहेत.