उकिरड्यातले कागद



आज आम्ही तुम्हाला एका उकिरड्याची गोष्ट सांगणार आहोत. ऐकून नाक मुरडू नका. राजाची गोष्ट शिलालेखात कोरलेली असते, देवाची देवळाच्या भिंतीवर. घरातल्या बाईची गोष्ट शोधायची तर ती कधी कधी केरात सापडते.

हा उकिरडा आहे इजिप्त देशात. कैरो या राजधानीच्या दक्षिणेला साधारण १६० किलोमीटरवर अल-बहनसा नावाचं गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे मोठं शहर होतं. त्याचं ग्रीक नाव ऑक्सिऱ्हिंकस, म्हणजे टोकदार नाकाचा मासा. इजिप्तवर आधी ग्रीक राजांचं आणि मग रोमन बादशहांचं राज्य होतं. त्यामुळे तिथला बराचसा सरकारी आणि व्यवहाराचा मजकूर ग्रीक भाषेत लिहिला जाई. या शहरातले लोक शेकडो वर्षं गावाबाहेर कचरा टाकत राहिले. त्यात जुने कागदही जात. पावत्या, करारनामे, सरकारी अर्ज, घरची पत्रं, काम संपलं की सगळं उकिरड्यावर. त्या भागात पाऊस जवळजवळ पडतच नाही. वरून कोरडी वाळू बसत गेली आणि कागद कुजायचे वाचले.

कागद म्हणतोय खरं, पण तो आपल्यासारखा कागद नव्हता. नाईल नदीच्या दलदलीत पपायरस नावाची उंच पाणवनस्पती वाढते. आपल्या शेतात जो लव्हाळा निंदून निंदून आपले हात दुखतात, त्याचीच ही उंच बहीण. तिच्या दांड्याचा आतला गर काढून त्याच्या पातळ पट्ट्या कापायच्या. पट्ट्या शेजारी शेजारी मांडायच्या, त्यावर आडवा दुसरा थर द्यायचा, दाबायचं आणि वाळवायचं. तिच्याच रसाने पट्ट्या चिकटतात आणि लिहायला पान तयार होतं.

१८९६ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे दोन तरुण अभ्यासक तिथे खोदायला आले. खोदण्याचं कष्टाचं काम केलं ते गावच्या मजुरांनी. उकिरड्यातून टोपल्या भरभरून तुकडे निघाले. इजिप्तवर तेव्हा इंग्रजांचा ताबा होता, त्यामुळे पत्र्याच्या पेट्यांत भरून बरेचसे तुकडे ऑक्सफर्डला गेले. त्यांची संख्या आहे सुमारे पाच लाख. १८९८ मध्ये पहिला खंड छापून निघाला. आजवर ऐंशीहून अधिक खंड झाले, तरी वाचून झालेले तुकडे थोडेच आहेत. काही पूर्ण पानं, तर बरेच तुकडे नखाएवढे.

या तुकड्यांत बायका आहेत. कर्ज घेणाऱ्या आणि देणाऱ्या, जमीन विकणाऱ्या, नवऱ्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या. आज आम्ही त्यातल्या दोघींची ओळख करून देतो.

पहिलीचं नाव आलिस. तिला आलेलं पत्र इसवी सनापूर्वी १ या वर्षी जून महिन्यात लिहिलेलं आहे. लिहिणारा हिलारिऑन कामासाठी अलेक्झांड्रिया या मोठ्या बंदराच्या शहरात गेला होता. तो लिहितो, बाकीचे परत आले आणि मी मागे राहिलो तर काळजी करू नकोस. लहानग्याला सांभाळ. पगार हातात पडला की पाठवून देतो. इथपर्यंत पत्र आपल्या ओळखीचं वाटतं. ऊसतोडीला किंवा मुंबईला गेलेल्या माणसाचं वाटावं असं. आलिसला दिवस गेलेले आहेत. पुढच्याच ओळीत तो लिहितो, मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. आणि त्याला लागूनच लिहितो, मला विसरू नका असा निरोप तू पाठवला होतास, मी तुला कसा विसरेन?

माया आणि क्रूरपणा एकाच पानावर, एकाच शाईत. आलिसला काय झालं, मुलगा की मुलगी, ते कुठल्याच कागदात नाही. तिचं स्वतःचं पत्र आपल्याकडे नाही. तिच्या तोंडचं एकच वाक्य उरलं, विसरू नका, आणि तेही त्याच्या पत्रातून. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. गर्भातली मुलगी ओळखायला बंदी करणारा कायदा आपल्या देशाला १९९४ मध्ये करावा लागला, हे आपण सगळ्या जाणतो.

दुसरी बाई त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी त्याच शहरात राहत होती. तिचं नाव थैसूस, दुसरं नाव लोलियाने. त्या काळी बाईला मोठा व्यवहार करायचा तर बहुतेक वेळा एक पुरुष पालक लागे. नवरा, भाऊ, नाहीतर मुलगा. अनेक कागदांच्या शेवटी कुणीतरी पुरुष लिहितो की हिला अक्षरं येत नाहीत म्हणून हिच्या वतीने मी लिहिलं. आपल्याकडच्या अंगठ्यासारखंच ते.

मात्र रोमन कायद्यात एक सवलत होती. तीन मुलं झालेल्या बाईला पालकाशिवाय स्वतःचे व्यवहार करता येत. इसवी सन २६३ मध्ये लोलियानेने थेट प्रांताच्या सुभेदाराकडे अर्ज केला. मला कायद्याने हा हक्क आहे, माझी मुलं तेवढी आहेत, आणि मला लिहिता येतं, अगदी सहज लिहिता येतं, असं तिने त्यात नमूद केलं. तिने पैसा मागितला नाही, जमीन मागितली नाही. माझा अर्ज तुमच्या कचेरीत नोंदवून ठेवा, म्हणजे पुढे मला कुणी अडवणार नाही, एवढंच तिचं मागणं होतं. खाली कचेरीचा शेरा आहे, की तुझा अर्ज दप्तरी ठेवला जाईल.

हा हक्क बाळंतपणं मोजून मिळत होता, हे आम्हाला खटकतं. पण लोलियानेने मुलांसोबत आपलं अक्षरज्ञानही अर्जात मांडलं, हे आम्हाला फार मोठं वाटतं. जो हक्क नियमात आहे तो कागदावर चढवून घ्यावा लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता प्रश्न असा, की इतके जुने, काळे पडलेले तुकडे वाचतात कसे?

आधी भिंगाने वाचत. आता कॅमेरा आणि कॉम्प्युटर मदतीला आले आहेत. टीव्हीच्या रिमोटमधून एक प्रकाश निघतो. आपल्याला तो दिसत नाही, पण टीव्हीला कळतो. त्याच जातीच्या प्रकाशात या तुकड्यांचे फोटो काढतात. जुनी शाई काजळी आणि डिंकाची. या प्रकाशात काजळी काळीच राहते आणि तपकिरी झालेलं पान उजळ दिसतं. डोळ्यांना जिथे नुसता डाग दिसत होता, तिथे अक्षरं उमटतात.

पण पाच लाख तुकडे वाचणार कोण? २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी तुकड्यांचे फोटो इंटरनेटवर ठेवले आणि जगाला मदत मागितली. त्यासाठी ग्रीक येण्याची अट नव्हती. फोटोतल्या अक्षराचा आकार पाहायचा आणि शेजारी दिलेल्या अक्षरांतलं जुळणारं निवडायचं. भरतकामाचा नमुना पाहून टाका ओळखण्यासारखंच हे काम. एकच तुकडा अनेकजण पाहत, सगळ्यांची उत्तरं ताडून बघितली जात, आणि मग तज्ज्ञ त्याचा अर्थ लावत. घरी बसलेल्या हजारो माणसांचे हात या कामाला लागले.

यंत्राची कमाल इटलीतही दिसली. तिथे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम नावाचं गाव गाडलं गेलं. तिथल्या एका वाड्यातल्या पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या जळून कोळशासारख्या झाल्या. उलगडायला गेलं की तुकडे पडतात. दवाखान्यात सिटी स्कॅन करतात, तशा पद्धतीने न उघडता त्यांची आतली चित्रं घेतली गेली. शाईच्या खुणा ओळखायला कॉम्प्युटरला शिकवलं, आणि २०२३ मध्ये विद्यार्थ्यांनी बंद गुंडाळीतला एक शब्द वाचून दाखवला. त्याचा अर्थ होता जांभळा.

मात्र यंत्र दाखवतं, खात्री माणसालाच करावी लागते. आम्हाला या अभ्यासकांची एक सवय फार आवडली. जे अक्षर नक्की वाचता येत नाही, त्याच्याखाली ते टिंब देतात. जिथे पान फाटलं आहे, तिथे चौकोनी कंस घालतात. अंदाजाने काही भरलं तर ते कंसातच. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की बाईचं स्वतःचं अक्षर कुठलं आणि आपला अंदाज कुठला. तिच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीकडे आज जरा या नजरेने बघूया. कुणी कर्ज मागितलं, कुणी हप्ता फेडला, दारूच्या दुकानाविरुद्ध ठराव कुणी मांडला, हे सगळं तिथे असतं. ते लिहिताना फक्त ‘सर्व सदस्य हजर’ असं न लिहिता प्रत्येकीचं नाव लिहूया. तारीख घालूया. चूक झाली तर खाडाखोड करून अक्षर बुजवू नये. एक रेघ मारावी, शेजारी बरोबर लिहावं आणि सही करावी. जिला सही येते तिने अंगठा देऊ नये, आणि जिला येत नाही तिला पुढच्या बैठकीपर्यंत आपण शिकवूया.

वही भरली की ती रद्दीत देऊ नका. कोरड्या जागी, पत्र्याच्या पेटीत ठेवा. लोलियानेचा कागद वाळूने सांभाळला. आपल्याकडे पाऊस पडतो, त्यामुळे आपले कागद आपल्यालाच सांभाळावे लागतील.